तिसऱ्याचा नंबर

गाडी सुटायच्या आधीच अण्णांनी डब्यातल्या निम्म्या लोकांना सांगून टाकलं होतं, की आज गोलात उभा राहणार आहे तो माझा मुलगा. उरलेल्या निम्म्यांना त्यांनी पहिलं स्टेशन यायच्या आत सांगितलं. तिकीट तपासनीस आला, त्यालाही सांगितलं. तो बिचारा नुसतं "अरे वा" म्हणाला, तर अण्णा त्याला सरकून जागा द्यायला लागले. चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासताना "वर बघा, खाली बघा, आता वाचा" यापलीकडे ज्या माणसाने शब्द खर्च केला नाही, त्याची ही तऱ्हा. सुखाने माणूस बडबडा होतो आणि दुःखाने मुका. अण्णांना त्या दिवशी दोन्ही व्हायचं होतं, तेही जेवणाच्या वेळेआधी.

"अकरा वर्षं तिसरा गोलकीपर," समोरच्या हिरव्या मफलरवाल्याला ते समजावून सांगत होते. "तिसरा म्हणजे कसं, पहिल्याला लागलं तर दुसरा, दुसऱ्याला लागलं तर तिसरा. आणि ते दोघं मेले असे धडधाकट, की अकरा वर्षांत एकाला साधी शिंक आली नाही."

"आता आली ना," खिडकीशी बसलेले काका म्हणाले. "एकाचं बोट मोडलं, दुसऱ्याने लाल कार्ड खाल्लं. चष्मेवाल्याच्या पोराचा नंबर लागला एकदाचा."

अण्णा यावर मोठ्याने हसले. मफलरवाल्याला त्यात विशेष काही वाटलं नाही, पण पलीकडे बसलेल्या आईने मान वर करून दोघा भावांकडे बघितलं. अकरा वर्षांत ते एकमेकांच्या विनोदाला हसले नव्हते. हसायचं सोडा, बोलले नव्हते. दुकानाच्या स्टुलावरून पोराला उठवून मैदानावर नेलं ते काकांनी. त्याला अडसर हे नाव ठेवलं तेही त्यांनीच, कारण लहानपणी तो दारात हात पसरून उभा राहिला की मांजरसुद्धा आत जात नसे. पोराने दुकान सोडलं आणि तो क्लबात गेला, त्या दिवशी अण्णांनी भावाशी अबोला धरला, आणि पोराशीही. पोराचा अबोला सात वर्षांनी सुटला. त्याला मिठी मारायची अण्णांना लाज वाटली, म्हणून दुकानातला अक्षरांचा तक्ता चौकटीत बसवून, काच लावून ते क्लबात घेऊन गेले आणि म्हणाले, तुमच्या डॉक्टरांच्या खोलीत लावा. भावाचा अबोला मात्र परवापर्यंत टिकला. परवा संध्याकाळी बातमी कळल्यावर अण्णा चालत काकांच्या दारात गेले आणि तिकीट पुढे करून म्हणाले, "चल. तुझ्यामुळेच आहे हे."

काकांनी ते तिकीट अजून खिशात घातलं नव्हतं. हातातच धरून बसले होते.

अडसरची बहीण, ताई, हे सगळं बघत होती. मांडीवरच्या पिशवीत तिचा फोन होता, आणि फोनमध्ये सकाळी नऊ वाजता आलेला भावाचा निरोप. "ताई, गप्प राहा. नव्वदच मिनिटं आहेत. मग सोडतो. शपथ." त्यानंतर खेळाडूंचे फोन क्लबाने काढून घेतले, म्हणजे आता त्याला काही सांगायची सोय नव्हती. दुकान हल्ली तीच बघते, काचा तीच घासते, त्यामुळे तिची बोटं कायम खरखरीत असतात. त्या बोटांनी ती पिशवीचा बंद उसवत होती. शेवटी ती उठली आणि काकांना म्हणाली, "काका, चहा आणू या, चला. मला चार कप धरता येणार नाहीत."

पुढच्या डब्याच्या तोंडाशी चहाचा खण होता. चहावाला कपांना झाकणं लावत होता. ताईने त्याच्याकडे पाठ केली.

"काका, त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे? नंबर वाढला?"

"दिसत नाही म्हणजे दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी पडदा सुटला. सुट्टीत मीच डॉक्टरांकडे नेलं, कुणाला न सांगता. आता डाव्यात उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उजव्याचा पडदा पण विरलेल्या कापडासारखा झालाय. डॉक्टर म्हणाले, डोक्याला एक जोराचा मार बसला तर तोही जाईल. मग उरलेला जन्म काठी."

काकांच्या हातातलं तिकीट चुरगळलं. "आणि तू त्याला क्लबात राहू दिलंस?"

"तिसरा कुठे खेळतो, काका? सरावातही पाठ धरली म्हणून बाजूला बसायचा. मी सोड म्हणत होते. तो म्हणायचा, या वर्षी सोडतो, पुढच्या वर्षी सोडतो. म्हणायचा, बाकावरून पडून आजवर कुणी मेलं नाही. आणि मी हसायचे. खरंच हसायचे मी."

काकांना पहिल्यांदा जे सुचलं ते बरोबरच होतं. आत्ता फोन करायचा, कोचला सांगायचं, संपलं. पण त्यांची नजर काचेच्या दाराकडे गेली. पलीकडे अण्णा उभे राहून मफलरवाल्याला दोन्ही हात पसरून काहीतरी दाखवत होते. उडी कशी मारायची ते दाखवत असणार. सत्तरीचा माणूस, गाडीत तोल जातोय, आणि चेहरा कसा, तर लग्नात मुंडावळ्या बांधल्यासारखा. या चेहऱ्याच्या माणसाबरोबर काका लहानपणी एका पांघरुणात झोपले होते. तो त्यांना परवा परत मिळाला होता.

"आज नको," काका म्हणाले. "उद्या मी स्वतः त्याला सोडायला लावतो. आजचा दिवस जाऊ दे गं."

"आणि आजच बसला मार तर?"

"माणसाने शुभ बोलावं."

"मी काचा घासते, काका. मला शुभ-अशुभ कळत नाही, तडा कळतो."

काका माणूस वाईट नव्हते. पण अकरा वर्षांनी भाऊ परत मिळाला, की माणूस पुतण्याच्या डोळ्याकडेही कानाडोळा करतो. त्यांनी दोन कप उचलले आणि ताईची वाट न बघता ते आत गेले.

ताई परतली तेव्हा आईने शेजारची पिशवी उचलून तिला जागा करून दिली. चहा हातात घेतला, पण प्यायली नाही.

"काकांना काय सांगत होतीस?"

"काही नाही गं. तिकिटांचं."

"डोळ्याचं सांगत होतीस," आई म्हणाली.

ताईने हातातला कप बाजूला ठेवला.

"मागच्या वेळी घरी आला तेव्हा दोनदा चहा कपाबाहेर ओतला त्याने. डावीकडून ताट पुढे केलं तर दचकला. पायरी उतरताना मान अशी कोंबडीसारखी वाकडी. मी चष्मेवाल्याची बायको आहे, मला काय पेपर वाचून कळायला हवं?" आईचा आवाज चढला नव्हता, पण कपावरचं झाकण तिच्या बोटांत दुमडलं होतं. "सहा महिने वाट बघतेय. आज सांगेल, उद्या सांगेल. तू तरी सांगशील. म्हटलं, पोरांनी ठरवलंय मला सांगायचं नाही, तर नसेल सांगण्यासारखं. किती वाईट आहे?"

ताईने सांगितलं. आता लपवण्यात राम नव्हता. आईने सगळं ऐकून घेतलं, कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि त्याच आवाजात म्हणाली, "अहो, जरा इकडे बघा."

अण्णा मफलरवाल्याला उपांत्य सामन्यातला लाल कार्डाचा प्रसंग सांगत होते. "एक मिनिट गं."

"मिनिट नाही. आत्ता. आपल्या मुलाचा डावा डोळा गेलाय आणि उजवा जायच्या बेतात आहे. डोक्याला मार बसला तर आंधळा होईल. तुमच्या लेकीला दोन वर्षांपासून माहीत आहे, भाऊजींना आत्ता कळलंय, आणि तुम्ही राहिला होतात."

मफलरवाला भला माणूस होता. त्याने घड्याळात बघितलं, गाणी चालली होती त्या पुढच्या डब्यात आपला कुणीतरी मित्र आहे असं पुटपुटला आणि उठून गेला.

अण्णा बसले. "काहीतरी काय. आज सकाळी तपासणी झालीय त्याची. कोचने स्वतः सांगितलं मला फोनवर. दोन्ही डोळे स्वच्छ. शेवटची ओळ वाचली त्याने, धडाधड."

"कुठल्या तक्त्यावर, अण्णा?" ताईने विचारलं.

या घरात पोरं अ-आ-ई शाळेत शिकली नाहीत. दुकानाच्या भिंतीवर तक्ता होता, त्यावर शिकली. अडसर चार वर्षांचा असताना गिऱ्हाइकांना हसवायला डोळे मिटून आठही ओळी म्हणून दाखवायचा, वरून खाली आणि खालून वर. गिऱ्हाईक खूश, अण्णा खूश. क्लबात कुठला तक्ता लावलाय, हे त्या डब्यात अण्णांइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"दोन वर्षं," ताई म्हणाली, "दर तपासणीला तो तुमचाच तक्ता म्हणतो. वाचत नाही."

काका खिडकीबाहेर बघत होते. बाहेर गोदामं, पाण्याच्या टाक्या, एका भिंतीवर हिरव्या रंगात कुणीतरी लिहिलेलं "जिंकलोच समजा".

मग अण्णा म्हणाले, "नव्वद मिनिटांत काही होत नाही."

"अहो."

"काही होत नाही, मी सांगतो. चेंडू म्हणजे काय दगड आहे? हजारात एखाद्याला लागतं. अकरा वर्षं, अगं. अकरा वर्षं पोरगा बाकावर बसून दुसऱ्यांना टाळ्या वाजवतोय. एक दिवस त्याचा आहे. एक. तोही काढून घेऊ?"

"कॉर्नर आला की पाच जण अंगावर येतात, अण्णा. कोपरं, गुडघे, डोकी," ताई म्हणाली. "आणि डावीकडून आलेलं त्याला दिसणारच नाही. हात तरी कुठे आडवा धरेल तो? कोचचा नंबर तुमच्याकडे आहे. द्या."

"नाही देत."

"दादा बरोबर म्हणतोय," काका घाईने म्हणाले. "मुलगा काही कुक्कुलं बाळ नाही. त्याने ठरवलंय, त्याचं तो बघेल."

"तुम्ही बोलू नका, भाऊजी," आई म्हणाली. "तुम्हाला दादा हवाय, म्हणून दादा बरोबर."

हे वर्मी लागलं. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भांडण व्हायचंच ते, पण अण्णा भलतंच बोलून गेले. म्हणाले, "इतक्या लोकांना सांगितलंय मी. सगळ्या गल्लीला सांगितलंय. दुकानाच्या दारावर पाटी लावलीय, आज बंद, मुलगा अंतिम सामना खेळतोय. मी काय तोंड दाखवू?"

काकांनी भावाकडे बघितलं. ते चुरगळलेलं तिकीट त्यांनी मांडीवर ठेवून तळव्याने सपाट केलं. "पाटी काढता येते, दादा," ते म्हणाले. "मी त्याला तिथे उभं केलं. माझ्या हाताने. फोन कर. माझ्याशी पुन्हा नाही बोललास तरी चालेल, पण कर."

अशा रीतीने अण्णा एकटे पडले. तिघं एका बाजूला, ते एका बाजूला, मध्ये चार थंड चहा. त्यांनी शर्टाच्या खिशातला फोन काढून आतल्या खिशात घातला, वरून कोटाचं बटण लावलं. "तोंडावर पाणी मारून येतो," म्हणाले, आणि बाकांना धरत धरत दाराकडे गेले.

दोन डब्यांमधल्या जागेत आवाज फार होता. खाली लोखंड आदळत होतं. अण्णांनी बेसिनचा नळ सोडला, हात ओले केले आणि आरशात स्वतःचे डोळे बघितले. सवयच ती. दोन्हींची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, आता लांबचं लख्ख दिसतं. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. मग उजवा झाकला, आणि डोक्यात कुठेतरी चार वर्षांच्या पोराचा आवाज आला, न, त, य, ल, क. त्यांनी हात खाली घेतला. ओल्या बोटांनी बटण सुटेना. सुटलं तेव्हा त्यांनी नंबर लावला.

"हां, बोला अण्णा," कोच म्हणाला. मागे पत्र्याची कपाटं आपटल्याचे आवाज. "पोहोचताय ना वेळेवर? पोरगा एकदम फिट आहे, काळजी करू नका."

"त्याला खेळवू नका."

"काय? ऐकू येत नाही."

"त्याला खेळवू नका," अण्णा ओरडले. शेजारच्या शौचालयातून एक बाई बाहेर आली आणि दचकून आत डब्यात गेली. "त्याला डाव्या डोळ्याने दिसत नाही."

"अण्णा, सकाळीच तपासलंय. शेवटची ओळ—"

"तो तक्ता माझ्या दुकानातला आहे. त्याला पाठ आहे तो. तक्ता सोडा. उजवा डोळा झाका आणि वर्तमानपत्र द्या हातात. मथळा वाचायला सांगा. नुसता मथळा."

कोचचा आवाज खाली आला. "तुम्ही काय म्हणताय कळतंय का तुम्हाला? माझ्याकडे दुसरं कोण आहे? ज्युनियरमधलं सतरा वर्षांचं पोर आहे. अंतिम सामना आहे हा."

"मी चाळीस वर्षं डोळे तपासतोय," अण्णा म्हणाले. "माझ्या पोराचे तपासायचे राहिले. द्या वर्तमानपत्र."

फोन बंद झाला. अण्णांनी नळ बंद केला आणि ते तिथेच उभे राहिले. त्यांना रडू आलं नाही. त्यांना वाटत होतं की येईल, म्हणून ते थांबले होते, पण नाही आलं. मग ते आत गेले.

"केला," जागेवर बसत ते म्हणाले. "मीच केला. आता कुणी काही बोलू नका."

आईने पिशवीतून रुमाल काढून त्यांचे ओले हात पुसले, लहान मुलाचे पुसावेत तसे, एकेक बोट. काकांनी हात पुढे करून भावाच्या गुडघ्यावर ठेवला. अण्णांनी तो झटकला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

शेवटचं स्टेशन यायला दहा मिनिटं असताना ताईचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. तिने उचलला.

"ताई." तिचा भाऊ. आवाज शांत होता. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "फिजिओच्या फोनवरून बोलतोय. तूच केलंस ना?"

अण्णा समोर बसले होते, हातभर अंतरावर. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हात पुढे केला, आण इकडे, मी बोलतो. ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो," ती म्हणाली. "मीच."

"मथळा वाचायला दिला मला. सगळ्यांसमोर. वर्तमानपत्र उलटं धरलंय हे पण कळलं नाही मला." तो थांबला. "जाऊ दे. एक काम कर. अण्णांना यातलं काही कळू देऊ नकोस. सांग, कोचने ऐनवेळी तरुण पोराला घेतलं. तक्त्याचं तर अजिबात नको. त्यांनी किती हौसेने आणला होता तो. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे झालं."

"बरं."

"मी अण्णांकडे येत राहीन. पण मी घरी असेन तेव्हा तू येऊ नकोस. फोनही करू नकोस."

"किती दिवस?"

"किती दिवस ते मला माहीत नाही, ताई," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

ताईने फोन पिशवीत ठेवला. बंद उसवलाच होता, पिशवी नीट मिटेना.

"माझं नाव का नाही सांगितलंस?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्याशी बोलायला लागून त्याला चारच वर्षं झालीत."

"आणि तू?"

"मी बहीण आहे. बहिणीवर राग धरला तर चालतो." हे खोटं होतं. त्या चौघांनाही ते कळलं आणि एकानेही ते खोडून काढलं नाही. उलट काकांनी मान डोलावली, जणू असा काही नियम असतो. "म्हणाला, तुम्हाला काही कळू देऊ नको. तुम्ही बाकी काही विचारू नका मला."

गाडीचा वेग कमी झाला. पुढच्या डब्यातली गाणी वाढली, माणसं दाराशी दाटली, मफलर, झेंडे, कुणीतरी कुणाला खांद्यावर घेतलं. खिडकीतून स्टेडियमचा वाकडा पत्रा दिसला, त्याच्यावर उन्हात चमकणारी हिरवी निशाणं. अण्णा उठले नाहीत.

"उठा," आई म्हणाली.

"कशाला जायचं आता?"

"चार जागा रिकाम्या दिसल्या तर त्याला कळेल ना. उठा." तिने त्यांच्या काखेत हात घालून उठवलं आणि कोटाचं उघडं बटण लावलं. मग तिघांकडे वळून, घरात पाहुणे यायच्या आधी सूचना द्यायची तशी म्हणाली, "नीट ऐका. आत गेल्यावर आपल्याला काहीएक माहीत नाही. संघाची यादी वाचतील, त्यात त्याचं नाव येणार नाही. तेव्हा सगळ्यांनी, अरे, हे काय, असं तोंड करायचं. एकमेकांकडे बघायचं. भाऊजी, तुम्ही उभे राहा. आणि तुम्ही, अहो, तुम्ही डोक्याला हात लावा. तो बाकावरून वर बघेलच."

ते उतरले. फलाटावर गर्दीने त्यांना एका बाजूने उचललं आणि फाटकाकडे नेलं. काका पुढे, मागे आई, मग ताई अण्णांचा हात धरून. अण्णा स्टेडियमच्या भिंतीकडे बघत चालले होते, मान वर करून, ओठ हलवत. ताईला वाटलं, आईने सांगितलेलं घोकतायत. तिने कान जवळ नेला, तर ते अंतर मोजत होते.

"आपल्या जागा वरच्या मजल्यावर," ते म्हणाले. "म्हणजे बाकापासून ऐंशी मीटर तरी. एवढ्या लांबून, त्या एका डोळ्याने, त्याला आपली तोंडं दिसायची नाहीत गं."

"आईला सांगू नका," ताई म्हणाली.